जादा इंधन

कोलकाता ते मुंबई.
सोळाशे साठ किलोमीटर, सरळ रेघ धरली तर.
सरळ रेघ कुणी धरत नाही.

लोक म्हणतात अडीच तास. तूही म्हणायचीस.
तपनबरोबर पहिल्यांदा निघालीस तेव्हा आईला म्हणालीस,
अगं, वसईच्या मावशीकडे जायला एवढेच लागतात.

जाताना खरंच तेवढेच लागतात.
थंडीत वारा पश्चिमेकडून येतो,
तेहतीस हजार फुटांवर पाठीला हात लावून ढकलतो.
येताना तोच वारा छातीवर.
तेच विमान, तेच अंतर, पंचवीस मिनिटं जास्त.
सासर जवळ पडतं, माहेर लांब,
हे मी एकदा फोनवर सांगितलं होतं.
तू हसली नव्हतीस.

त्या जानेवारीत तुझं विमान धुक्यात अडकलं.
पहाटे चारचं. मग सहाचं. मग साडेसातचं.
गुरुजी घड्याळ बघत होते,
भास्करमामांनी सकाळची गोळी घेतली नव्हती,
लिफ्ट लहान, चौथ्या मजल्यावरून जिन्याने उतरवायचं होतं.
कुणीतरी विचारलं, धाकटीला अजून किती वेळ?
घरात हे सांगू शकणारी मी एकटीच.
दोन पंचावन्न, अधिक समुद्रावरच्या घिरट्या,
अधिक विमानतळ ते पार्ले.
मी बेरीज केली
आणि म्हटलं, नेऊ या.

तू आलीस तेव्हा फरशी पुसून झाली होती.
ओली होती.
तू चपला हातात घेऊन दारातच उभी.

आज माझी रात्रपाळी.
चार वर्षांनी येतेयस, कारण बिल्डिंग पाडणार आहेत
आणि कागदांवर दोघींच्या सह्या लागतात.
तुझ्या विमानाचा आराखडा माझ्याच टेबलावर आला.
आराखड्यात नावं नसतात.
माणूस पंच्याहत्तर किलो धरायचा, हातातल्या पिशवीसकट.
एकशे ऐंशी गुणिले पंच्याहत्तर,
त्यात कुठेतरी तू,
मांडीवर खजुराच्या गुळाच्या संदेशांचा डबा,
आता तो कुणासाठी, असा विचार करत.

इंधनाचा नियम सोपा आहे, शलाका.
पोचायला लागेल तेवढं.
पोचून उतरता आलं नाही, तर अहमदाबाद गाठण्याइतकं.
तिथेही वर अर्धा तास तरंगता येईल इतकं.
नियम इथे संपतो.
त्याखाली एक रकाना असतो: जादा. कारण लिहा.

मी सहाशे किलो लिहिले.
पंधरा मिनिटांचे.
कारण लिहिलं, गर्दी.

कोलकात्याहून कॅप्टनचा फोन आला.
हवा तर स्वच्छ आहे बाई, हे ओझं कशाला?
बरोबर होतं त्याचं.
जादा इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं,
सहाशेतले चाळीस-पन्नास किलो वाटेतच जातात,
नुसतं बाळगण्यापायी.
हे मला कुणी शिकवायला नको.
मी म्हटलं, मुंबईत थांबावं लागतं, असू दे.
तो बरं म्हणाला.

रोज चाळीसेक विमानांना मी थांबायला देते.
ओळख ना पाळख,
कुणाला दहा मिनिटं, कुणाला वीस.
त्या सकाळी घरात सव्वा तास हवा होता.

जमशेदपूर गेलं. रायपूर गेलं.
नागपूरवर वारा सांगितल्यापेक्षा जोराचा निघाला,
सहा मिनिटं त्याने खाल्ली.
चहावाला राजभर येऊन गेला, कप तसाच आहे, वर साय धरलीय.

पाच छप्पन्न. तुझा ठिपका अलिबागच्या बाजूला
समुद्रावर वळला.
एक वेढा.
आतले दिवे मंद केले असतील.
खिडकीशी असलीस तर खाली चार-दोन होड्यांचे दिवे,
पुन्हा पुन्हा तेच,
आणि तुला वाटत असेल, पोचलो तरी उतरवत का नाहीत.
दुसरा वेढा.

माझी पाळी सहाला संपली.
सावंत येऊन माझ्या खुर्चीमागे उभा आहे,
दोनदा खाकरला.
मी उठलेले नाही.